रस्ते अपघातात जखमी झालात तर: रस्त्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांपासून भरपाईच्या दाव्यापर्यंत

अपघातानंतर दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. एक जीव वाचवण्याचं आणि दुसरं कागदांचं. पहिलं कोणी विसरत नाही. दुसरं मात्र बहुतेक घरांत पंधरा दिवसांनी, बिलांचा ढीग समोर आला की आठवतं. तोवर केसपेपरवर नको ते लिहून झालेलं असतं, समोरची गाडी दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आलेली असते आणि सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं असतं. म्हणून ही माहिती जखमीबरोबरच त्याच्यासोबत धावपळ करणाऱ्या नातेवाइकासाठीही आहे. पहिल्या दिवशी सगळं त्यालाच करावं लागतं.

रस्त्यावर

आधी रहदारीतून बाजूला या, पण स्वतःला हलता येत असेल तरच. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल, तर पडल्या जागी पडून राहा आणि लोकांना मागून येणाऱ्या गाड्या अडवायला सांगा. चौघांनी हात-पाय धरून उचलून रिक्षात कोंबणं ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक मदत आहे. मणक्याला इजा असेल तर त्या एका उचलीने कायमचं अपंगत्व येऊ शकतं. हलवावंच लागलं, तर डोकं, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून, फळी किंवा ताणलेली जाड चादर वापरून हलवा.

हेल्मेट ओढून काढू नका. काच वर करा आणि पट्टा सैल करा. श्वास अडतोय किंवा उलटी होतेय असं दिसलं तरच काढा. त्यासाठी दोघं लागतात: एकाने मान खालून स्थिर धरायची, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवून हळूहळू सरकवायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघत बसू नका, कारण तयार होणारी गुठळी तेवढ्यानेही निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, चहापूड, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेत भरू नका. प्यायला पाणी देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जातं, शिवाय शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं असतं.

फोन १०८ ला करा, रुग्णवाहिका मोफत येते. पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांकही चालतो. ठिकाण सांगताना "पेट्रोल पंपाच्या पुढे" असं सांगण्यापेक्षा किलोमीटरचा दगड, पुलाचं नाव किंवा विजेच्या खांबावरचा क्रमांक सांगा, आणि कुठल्या दिशेची लेन तेही सांगा. द्रुतगती मार्गावर चुकीच्या लेनमध्ये आलेल्या रुग्णवाहिकेला वळसा घालायला कित्येक किलोमीटर पुढे जावं लागतं.

रुग्णवाहिका येईपर्यंत सोबतच्या माणसाने मोबाइलवर फोटो काढावेत. गाड्या हलवण्याआधी काढलेला एक लांबचा फोटो नंतरच्या दहा जवळच्या फोटोंना भारी पडतो. त्यात रस्ता, दुभाजक आणि दोन्ही गाड्या एकत्र दिसाव्यात. मग नंबर प्लेट, टायर घासल्याच्या खुणा, काचांचा सडा, सिग्नल किंवा खड्डा. समोरच्याचा गाडी क्रमांक ताबडतोब घरच्या कुणाला तरी मेसेज करून ठेवा. फोन फुटला तरी क्रमांक राहतो. परिवहनच्या ॲपवर क्रमांक टाकला की विमा कंपनी आणि विम्याची मुदत कळते.

पाहणाऱ्यांपैकी एक-दोघांचे फोन नंबर मागून घ्या. लोक पोलिसांच्या भानगडीला घाबरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही, हे त्यांना सांगितलं तर बरेचजण नंबर देतात.

आणि जागेवर "मिटवून टाकू" ला हो म्हणू नका. हातात ठेवलेले दोन-पाच हजार आणि कागदावरचं "माझी काही तक्रार नाही" हे वाक्य, एवढ्यावर लाखोंचा दावा अडकून पडतो. अंगात गरमी असते तेव्हा मोडलेलं हाडही नुसतं मुकामार वाटतं.

कुठलं हॉस्पिटल, आणि पैसे कोण भरणार

डोक्याला मार लागला असेल, बेशुद्धी असेल किंवा मांडीचं वा कमरेचं हाड मोडल्यासारखं दिसत असेल, तर सीटी स्कॅन आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी न्यायला सांगा. म्हणजे ट्रॉमा केअर सेंटर, जिल्ह्याचं सिव्हिल किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्तस्राव थांबवून, सलाईन लावून पुढे पाठवतात. श्वास किंवा रक्तस्राव हाताबाहेर जात असेल तर आधी तिथेच थांबणं योग्य. नसेल तर दोन ठिकाणच्या भरतीत मोलाचा वेळ जातो.

"आधी डिपॉझिट भरा" किंवा "ही पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही" असं सांगून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर. असं कोणी म्हणालंच, तर वाद घालत बसण्यापेक्षा "उपचार नाकारल्याचं लिहून द्या" एवढंच म्हणा आणि ११२ लावा. बहुतेक वेळा पेन उघडण्याआधीच स्ट्रेचर आत जातं.

केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ पासून लागू आहे. कुठल्याही रस्त्यावरच्या मोटार अपघातात, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार यात बसतात. उत्पन्नाची अट नाही, आणि चूक कोणाची हेही विचारलं जात नाही. मात्र हॉस्पिटल योजनेत असावं लागतं. नसेल तर तिथे फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार धरले जातात. शिवाय हा माणूस खरोखर अपघातातला आहे याची खातरजमा पोलिसांकडून ऑनलाइन व्हावी लागते. पोलिसांना कळवलंच नाही तर घोडं तिथेच अडतं.

महाराष्ट्रात याशिवाय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. अंगीकृत हॉस्पिटलात "आरोग्यमित्र" अशी पाटी लावलेलं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा. शस्त्रक्रिया झाल्यावर गेलात तर पूर्वपरवानगी नव्हती म्हणून प्रकरण फेटाळलं जातं. स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर शक्यतो २४ तासांत कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

केसपेपरवरची पहिली ओळ

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा झाला तर हा ठेवा. अपघात विभागातले डॉक्टर जखमीला किंवा सोबतच्याला विचारतात, "काय झालं?" उत्तर एका ओळीत केसपेपरवर आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) रजिस्टरमध्ये उतरतं, "एच/ओ आरटीए" (म्हणजे रस्ते अपघात झाल्याची माहिती), पुढे वेळ, ठिकाण आणि कसं झालं ते. ही ओळ दोन वर्षांनी भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील मोठ्याने वाचून दाखवतो.

गडबड नेमकी इथेच होते. सोबतचा भाऊ पोलिसांच्या धास्तीने म्हणतो, "गाडी स्लिप झाली." किंवा शेजारी म्हणतो, "जिन्यावरून पडले." झालं. कागदावर ना समोरची कार, ना तिचा क्रमांक. नंतर गुन्हा दाखल झाला तरी कंपनीचं म्हणणं ठरलेलं असतं: आधी स्वतःच पडले, मग आमचा विमा असलेली गाडी शोधून आणली. अशा बचावाला उत्तर देता येतं, पण त्यासाठी डॉक्टरांना साक्षीला बोलवा, साक्षीदार आणा असं सगळं करावं लागतं.

म्हणून सांगायचं ते असं: "आज संध्याकाळी साडेसातला, अमुक चौकात, मोटारसायकलवर असताना मागून आलेल्या कारने धडक दिली, कारचा क्रमांक एमएच अमुक." क्रमांक माहीत नसेल तर "अनोळखी कार" म्हणा, अंदाजे क्रमांक देऊ नका. जखमी बेशुद्ध असेल आणि तुम्ही अपघात पाहिला नसेल, तर "रस्ते अपघातात जखमी, लोकांनी आणून सोडलं" एवढंच सांगा. आणि ही केस एमएलसी म्हणून नोंदवली का, ते विचारून एमएलसी क्रमांक लिहून घ्या. खासगी हॉस्पिटलनेही ती नोंद करून जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं असतं.

दारूचा उल्लेखही इथेच येतो. जखमी प्यायलेला नसेल आणि तरीही कागदावर "वास येतो" असं लिहिलं असेल, तर त्याच वेळी रक्ततपासणीची मागणी करा. तपासणी न करता लिहिलेला तो शेरा पुढे मेडिक्लेम आणि वैयक्तिक अपघात विमा दोन्हीकडे आडवा येतो.

घरी सोडलं तरी

"किरकोळ आहे, गोळ्या घ्या" म्हणून घरी सोडलेल्यांपैकी काही दुसऱ्या दिवशी परत येतात. डोक्याला मार लागला असेल तर पहिले २४ ते ४८ तास सोबत जागतं माणूस हवं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवलं तरी नीट न उठणं, बोलण्यात गोंधळ, फिट, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यांपैकी एकही दिसलं तर तडक सीटी असलेल्या हॉस्पिटलात. हृदयविकारासाठी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला साधा मार लागला तरी डॉक्टरांना ती गोळी सांगा. आत रक्त साचण्याचा धोका त्यांना जास्त असतो.

दुचाकीचं हँडल पोटात घुसलं असेल तर बाहेर नुसता वळ दिसतो, पण आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. पोट कडक होणं, डाव्या खांद्यात दुखणं, चक्कर, लघवीतून रक्त यांची वाट पाहू नका. अशा मारानंतर सोनोग्राफी करूनच घ्या. प्लास्टर घातल्यावर बोटं निळसर, गार, बधिर पडली किंवा गोळीनेही न थांबणारी कळ आली, तर रात्र काढू नका, प्लास्टर त्याच रात्री सैल करून घ्यावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलंय का ते विचारा.

आणि हाडवैद्य. मोडलेल्या हाडावर मालिश आणि बांबूच्या कामट्यांची घट्ट बांधणी यामुळे रक्तपुरवठा तुटून हातच गमावल्याची उदाहरणं कुठल्याही अस्थिरोग विभागात ऐकायला मिळतात. एक्स-रे आधी, श्रद्धा नंतर.

पोलीस ठाण्यात

अपघाताचा गुन्हा साधारणपणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली, जोडीला मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, असा नोंदवला जातो. दुखापत साधी असेल तर १२५(अ), गंभीर असेल तर १२५(ब). हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं हे कायद्याने "गंभीर" आहे. पहिल्या दिवशी मुकामार वाटून (अ) लागलं आणि तिसऱ्या दिवशी एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं, तर तो रिपोर्ट तपासी अंमलदाराला लेखी अर्जासोबत द्या आणि कलम वाढवून घ्या. भरपाईच्या काही तरतुदी "गंभीर दुखापत" या एका शब्दावर अडलेल्या आहेत.

जखमी आयसीयूत असताना तक्रार कोणी द्यायची? नातेवाईक, सहप्रवासी, पाहणारा, कोणीही देऊ शकतो. हद्दीचा वाद काढला तर शून्य क्रमांकाने, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवला जाणारा, गुन्हा नोंदवता येतो. उपचारांमुळे काही दिवस उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही, फक्त उशिराचं कारण तक्रारीतच लिहा: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होतो."

जबाब सही करण्याआधी वाचून घ्या. तुम्ही कुठून कुठे जात होता, रस्त्याच्या कुठल्या बाजूने, समोरचा कुठून आला, धडक गाडीच्या कुठल्या भागाला बसली, या चार गोष्टी नीट आल्या पाहिजेत. "अचानक गाडी आली आणि अपघात झाला" असं मोघम वाक्य असेल तर चूक कोणाची हे त्यातून निघतच नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. सोबत घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागा. पंचनाम्यात गाड्यांची जागा आणि रस्त्याची रुंदी चुकीची पडली असेल, तर तुमचे फोटो जोडून लेखी हरकत द्या, तीही पोहोच घेऊन.

चौकातल्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण बऱ्याच यंत्रणांत काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. दुकानदार प्रत देत नसेल तर पोलिसांना अर्ज देऊन जप्त करायला लावा. हे काम त्याच आठवड्यात झालं पाहिजे.

तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, असं २०२२ चे नियम सांगतात. जखमीचे हक्क सांगणारा फॉर्म २ तुम्हाला मिळायला हवा. जखमीची माहिती भरायचा फॉर्म ६ असतो. प्रत्यक्षात हे वेळेवर झालं तर नशीब समजा. पाठपुरावा तुम्हीच करायचा. महाराष्ट्रातल्या ठाण्यांत "कॉम्प एए फॉर्म" या नावाने एक गोषवारा मिळतो, त्यात गाडी, मालक, चालक, परवाना आणि विमा हे सगळं एका कागदावर येतं. दाव्यासाठी तो फार उपयोगी पडतो.

जपून ठेवायचे कागद

एक फाइल करा आणि पहिल्या दिवसापासून सगळं त्यात टाका. डिस्चार्ज कार्ड आणि बिलं सगळेच ठेवतात. राहून जातं ते हे: औषध दुकानाची नावासह पक्की बिलं आणि त्यासोबतची चिठ्ठी, एक्स-रेच्या फिल्म किंवा सीडी (मोबाइलमधला फोटो पुरत नाही), प्लेट-स्क्रूच्या पाकिटावरचा स्टिकर, फिजिओथेरपीच्या पावत्या, तपासणीला जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं आणि मदतनीस ठेवला असेल तर त्याला दिलेले पैसे. इम्प्लांटचा स्टिकर हॉस्पिटलच्या केसपेपरवर चिकटवलेला असतो. त्या पानाची प्रत मागून घ्या. वर्षभराने प्लेट काढायची ठरली तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: कुठल्या कंपनीची, कुठल्या मापाची.

मेडिक्लेमला मूळ बिलं जमा करण्याआधी सगळ्या बिलांच्या प्रती काढून कंपनीकडून पोहोच आणि मंजुरीपत्र घ्या. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघात दाव्यातून तेवढी रक्कम कापता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

उत्पन्नाचा पुरावा हा दुसरा कच्चा दुवा. नोकरदाराला पगारपत्रक, फॉर्म १६ आणि रजेचा दाखला पुरतो. बाकीच्यांनी डोकं लढवायला हवं. शेतकऱ्याने सातबाऱ्यासोबत बाजार समितीच्या पट्ट्या आणि दूध डेअरीच्या पावत्या ठेवाव्यात. गवंडी, सुतार, वडापाव गाडीवाला यांनी बँक पासबुक आणि क्यूआर कोडवर आलेल्या पैशांचा हिशेब काढून ठेवावा. ठेकेदाराने नुसतं लिहून दिलेलं प्रमाणपत्र, तो साक्षीला आला नाही तर फारसं धरलं जात नाही. गृहिणीच्या कामालाही न्यायाधिकरण मोल धरतं. "कमावत नव्हती" म्हणून तिचा दावा सोडून देऊ नका.

फुटलेलं हेल्मेट आणि रक्ताचे कपडे फेकू नका. गाडीची दुरुस्ती विमा सर्वेअरने पाहिल्याशिवाय सुरू करू नका.

पैसे कुणाकडून

समोरच्या गाडीचा विमा असेल तर तिच्या विमा कंपनीवर, मालकावर आणि चालकावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा. एसटीने धडक दिली असेल तर एसटी महामंडळावरच. विमा संपलेला असेल तर मालक आणि चालक वैयक्तिक जबाबदार. अशा वेळी जप्त गाडी तारण घेतल्याशिवाय सोडू नये असा अर्ज कोर्टात लगेच करा. गाडी गेली की वसुलीला हात घालायला काही उरत नाही.

चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली ठरावीक रक्कम मिळते: मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापतीत अडीच लाख. पण ती स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. साधं फ्रॅक्चर असेल, माणूस तीन महिन्यांत कामाला लागला असेल आणि समोरच्याच्या चुकीचा पुरावा कच्चा असेल तर हा मार्ग बरा. कायमचं अपंगत्व आलं असेल तर घाईने सही करू नका.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रन योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात. अर्ज फॉर्म १ मध्ये, अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे. सोबत एफआयआर, दुखापतीचा दाखला, ओळखपत्र, पासबुकची प्रत आणि हमीपत्र. मंजुरी जिल्हाधिकाऱ्याकडून होते. तालुक्याच्या कार्यालयात ही योजना ठाऊक नसलेले कर्मचारी भेटतात. "२०२२ ची योजना, मोटार वाहन कायदा कलम १६१" असं अर्जाच्या विषयातच लिहा.

स्वतःच्याच चुकीने पडलात तर थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे तुमच्या गाडीने इतरांना केलेल्या नुकसानीच्या विम्यातून, तुम्हाला काही मिळत नाही. मात्र गाडी तुमच्या नावावर असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलं असेल, तर त्यात १५ लाखांचं कवच असतं. ते मृत्यू आणि मोठ्या कायमच्या अपंगत्वासाठी आहे, साध्या फ्रॅक्चरच्या बिलासाठी नाही. मागे बसलेल्याचा प्रश्न वेगळा: तुमची पॉलिसी निव्वळ थर्ड पार्टी असेल आणि चूक तुमची असेल, तर त्याची भरपाई कंपनी सहसा नाकारते. पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक, पॉलिसी असेल तर त्याला मिळते. पॉलिसीचं पहिलं पान आजच काढून पाहा.

खड्ड्यामुळे पडलात तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जखमींना ५० हजार ते अडीच लाख आणि मृतांच्या वारसांना सहा लाख देण्याचा आदेश केला आहे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा; दुसऱ्या दिवशी तो डांबर टाकून बुजलेला असण्याची शक्यता, एरवी कधी नसते तेवढी, असते.

दावा आणि रक्कम

दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा करता येतो. म्हणजे गोव्यात किंवा कर्नाटकात जखमी झालेला कोल्हापूरकर कोल्हापुरातच दावा करू शकतो. फक्त कन्नडमधल्या पोलीस कागदांचं भाषांतर करून जोडावं लागतं.

अपंगत्वाचा दाखला मिळेपर्यंत थांबून मुदत घालवणं ही नेहमीची चूक. हाड जुळून उपचार संपेपर्यंत डॉक्टरांचं बोर्ड टक्केवारी ठरवत नाही आणि त्यात सहज सहा महिने जातात. दावा आधी दाखल करा, दाखला नंतर जोडा. दाखला जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाचा असेल तर चांगलं. खासगी डॉक्टरांचा असेल तर ते साक्षीला येतील ना, हे आधी विचारा.

टक्केवारीचा एक घोळ समजून घ्या. दाखल्यावर "उजव्या पायाचं ४० टक्के" असतं. ते पूर्ण शरीराचं अपंगत्व नव्हे, आणि कमाईतली घट त्याहूनही वेगळी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक मांडला: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई पूर्ण जाऊ शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून तुम्ही नेमकं काय काम करता, त्यात उकिडवं बसावं लागतं का, शिडी चढावी लागते का, ओझं उचलावं लागतं का, हे अर्जात आणि डॉक्टरांच्या साक्षीत आलं पाहिजे.

हिशेब असा होतो. ३२ वर्षांचा गवंडी, महिना १५,००० रुपये, कमाईतली घट २० टक्के धरली. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे: २१,०००. वर्षाचे २,५२,०००. ३१ ते ३५ वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार गुणायचा ठरलेला आकडा) १६: ४०,३२,०००. त्याचे २० टक्के: ८,०६,४००. यात उपचारखर्च, बुडालेली मजुरी, वेदना, मदतनीस, पुढची शस्त्रक्रिया हे वेगळं जोडायचं. प्लेट काढण्याचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या, नाहीतर तो धरला जात नाही. तुमचीही चूक ठरली, म्हणजे राँग साइडला होता वगैरे, तर तेवढे टक्के रकमेतून वजा होतात.

वकील निवडताना हॉस्पिटलच्या दारात भेटणाऱ्या दलालापासून लांब राहा. निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. फी आधी ठरवा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका, मूळ कागद देताना यादी करून पोहोच घ्या. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. दाव्याचा एमएसीपी (मोटार अपघात दावा अर्ज) क्रमांक स्वतःकडे ठेवा आणि तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः पाहत जा.

लोकअदालतीत कंपनीकडून आकडा येतो. वर दिलेला हिशेब स्वतः करून मगच बसा. थोडं कमी घेऊन लगेच मिळणं अनेकदा परवडतं, कारण निकालानंतर कंपनी अपिलात गेली तर आणखी वर्षं जातात. मात्र अजून शस्त्रक्रिया बाकी असताना तडजोड करू नका. एकदा झालेली तडजोड पुन्हा उघडता येत नाही.

रक्कम मंजूर झाली की बऱ्याचदा काही भाग खात्यात आणि उरलेला मुदत ठेवीत टाकण्याचा आदेश होतो. त्या ठेवीवर कर्ज किंवा मुदतपूर्व मोड बँक परस्पर देत नाही. शस्त्रक्रिया, शिक्षण, घरदुरुस्ती असं कारण असेल तर खर्चाच्या अंदाजपत्रकासह त्याच न्यायाधिकरणात अर्ज करायचा, परवानगीचा आदेश घेऊन बँकेत जायचं.